हंगाम दोन, मैदान एक



हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाण, काटा आणि रस्त्याकडेला लागलेली गाड्यांची रांग येते. परंतु २०२४-२५ साली आमच्या घरी दोन हंगाम एकदम चालू होते. एक उसाचा आणि दुसरा पोरांच्या फुटबॉलचा. उसाचा हिशेब अहवालात मिळतोच. दुसऱ्याचा येथे सादर करीत आहोत.

आपल्या कोल्हापूर भागात फुटबॉलचे वेड किती, हे नव्याने सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आपण कुस्तीइतकीच फुटबॉलसाठी ऐकत आलो. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला. तेव्हापासून तर प्रत्येक बापाला आपलं पोरगं त्याच वाटेवर दिसू लागलं. बापालाच कशाला, आजोबालाही!

आमची नात अकरा वर्षांची, नातू नऊचा. गावच्या शाळेतल्या सरांनी दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी सात वाजता खेळ सुरू केला. मुलं-मुली एकत्र, एका बाजूला सात जण. आम्ही म्हटलं, "सर, फुटबॉल अकरांचा असतो की." त्यावर सरांनी आमच्याच भाषेत हिशेब मांडला. मोठ्यांचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ७० गुंठे. पावणेदोन एकराच्या रानात नऊ वर्षांचं पोर सोडलं तर ते नुसतं पळून दमणार, चेंडू पायाला लागायचाच नाही. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, त्यात लहान गोली उभा केला तर वरून गेलेला चेंडू तो अडवणार कसा? म्हणून मैदान लहान, गोल लहान, चेंडूसुद्धा पाच नंबरचा नाही, चार नंबरचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये लहान मुलांसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली, ती याच विचाराने.

ओढ्याकडेचं सतरा गुंठ्यांचं पडीक रान मिळालं. बांबूचे गोल उभे केले. फक्की मारायचं काम आमच्याकडे आलं. सूनबाई पाण्याची कळशी आणि हाफ टाइमला गूळ-शेंगदाणे आणीत. साखर कारखान्याच्या अंकात गुळाची स्तुती केल्याबद्दल चेअरमनसाहेब माफी देतील अशी आशा आहे.

सरांचा नियम एकच होता. आलेल्या प्रत्येक पोराला सारखा वेळ खेळायला मिळणार, मग ते चपळ असो की धांदरट.

डिसेंबरात दोन पोरं स्कॉलरशिपच्या तासाला गेली आणि संघात सातच उरले. शेजारच्या रानात बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या खोपी होत्या. चेंडू तिकडे गेला की दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा तो अनवाणी पायाने असा मारी की नेमका मधल्या रेषेवर येऊन पडे. कडेवर धाकटी बहीण, तरी नेम चुकत नसे. आई-बाप पहाटेच फडात गेलेले असत. एक दिवस नातच म्हणाली, "सर, त्याला घ्या की आमच्यात."

बहिणीला कुठं ठेवायचं, एवढीच त्याची अडचण होती. सूनबाईंनी बारकीला मांडीवर घेतलं आणि तो मैदानात उतरला. बूट दिले तर म्हणाला, "ह्यात पायाला चेंडू कळत न्हाई." दोन रविवार अनवाणीच खेळला, मग हळूहळू बुटाला सरावला.

आता आमच्या चुकीचा हिशेब. फेब्रुवारीत शेजारच्या गावाशी सामना झाला. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं राहिलेली. सरांनी बदली केली. खोपीतला पोरगा बाहेर आणि आमचा नातू आत. पाळी त्याचीच होती. पण आमच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! आम्ही रेषेवरून ओरडलो, "सर, त्याला काढू नका! आमच्या ह्याला राहू द्या बाहेर!"

पन्नास माणसांत ते नातवानं ऐकलं. आत गेला खरा, पण पाय उचलेना. चेंडू समोरून गेला तरी बघतच राहिला. दुसरा गोल बसला आणि आम्ही हरलो. हरल्याचं कुणी फार मनावर घेतलं नाही, पोरं अर्ध्या तासात ओढ्यात डुंबत होती. आमचा मात्र घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. नातीनं आम्हाला सुनावलं, "आबा, तुम्ही वरडला की आम्हाला चेंडू दिसत न्हाई. नुसते तुम्हीच दिसता."

पुढच्या रविवारी तो उठेना. सौ.नी समजावलं, सूनबाईंनी समजावलं. आम्ही माफी मागितली, तरी पांघरूण काही हलेना. इतक्यात दारात खोपीतला पोरगा उभा राहिला, कडेवर बहीण. "चल की. एक जण तापानं पडलाय. तू आल्याबिगर सात होत न्हाईत."

एवढंच बोलला. पांघरूण बाजूला झालं. आम्ही फक्कीची बादली उचलली आणि मुकाट मागोमाग गेलो. त्या दिवसापासून आम्ही रेषेवर टाळीशिवाय आवाज काढलेला नाही.

मार्चमध्ये पट्टा पडला. टोळीचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा पोरं डांबरी रस्त्यापर्यंत मागून पळत गेली. बूट त्याच्या पायातच होते. पुढल्या रविवारी संघात पुन्हा सातच जण, बदलीला कोणी नाही. तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं की हे पोरगं गावाकडं चौथीच्या वर्गात होतं आणि चार-पाच महिने त्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आम्ही त्याच्या पायातला चेंडू पाहिला, दप्तर कुठंय हे विचारलं नाही.

सांगावयाचे तात्पर्य, पुढील हंगामासाठी सभासदांना आमच्या तीन विनंत्या आहेत. गावाजवळ पंधरा-वीस गुंठे पडीक रान असेल तर रविवारी सकाळी पोरांना खेळायला द्यावं. मोठ्यांनी फक्की मारावी, पाणी भरावं, टाळ्या वाजवाव्या, पण कोणाला आत घ्यायचं हे सरांवर सोडावं. आणि टोळी उतरली की मुकादमाला कोयते किती आणले हे विचारता विचारता पोरं किती आणली हेही विचारावं. त्यांना आपल्या शाळेत बसवावं आणि रविवारी मैदानात घ्यावं.

आमच्या घरचा हिशेब असा: सामने सहा, जिंकले दोन, हरले तीन, एक बरोबरी. नातवाचा गोल एकही नाही. येत्या मोळीला पुन्हा खेळणार का, असं विचारलं तर म्हणतो, "टोळी कधी येणार ते आधी सांगा."