परसातली कोंबडी, भाग ५ : बुटकी की कोवळी?

मागच्या भागात खुराडं उभं राहिलं. आता त्यात आणायचं कोणाला? पण त्याआधी माझी फजिती सांगून टाकतो, म्हणजे तुमची टळेल.

काही वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारातून मी ‘बँटमची जोडी’ आणली. ओंजळीत मावतील एवढी पाखरं, तकतकीत पिसं. विकणारा म्हणाला, “भाऊ, हे एवढेच राह्यते.” पोळ्याच्या सुमारास आणलेली ती जोडी संक्रांतीपर्यंत अशी फोफावली की शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “काऊन भाऊ, लयच वाढून राह्यले हे तर!” कोंबडा दोन किलोंच्या घरात गेला होता. बुटकी जात म्हणून मी कोवळी गावरान पिल्लं घेऊन आलो होतो.

म्हणून बँटम घेताना पाखरू किती लहान आहे ते बघू नका, किती जुनं आहे ते बघा. कोंबडा हातात घेऊन त्याच्या पायाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवा. तीन महिन्यांच्या पोराला तिथे मसुरीच्या डाळीएवढी गाठ लागते. वर्ष उलटलेल्याचा काटा बोटाला टोचतो. काटा टोचतोय, तुरा भरलेला लालबुंद आहे आणि वजन तरीही पाऊण किलोच्या आसपास, तर गडी खरोखर बुटका. मादीची परीक्षा शेपटाखाली असते. तिथे दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. अंड्यावर आलेल्या बुटक्या मादीत त्यांच्यामध्ये एक बोट सहज बसतं, कधी दोनही. कोवळ्या तलंगेत ती टोकं जवळजवळ चिकटलेली असतात. शिवाय वाढत्या वयाची गावरान तलंग म्हणजे नुसत्या लांब टांगा, तर पुरी वाढलेली बँटम छाती काढून उभी राहते. शेपूट वर, पंखांची टोकं जमिनीकडे झुकलेली. एकदा नजर बसली की लांबूनही कळतं.

बँटम हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आलं. तिथे उतरणाऱ्या युरोपी खलाशांनी या छोट्या कोंबड्या गलबतांवर नेल्या आणि बंदराचं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. मुष्टियुद्धातला ‘बँटमवेट’ गटही या लहान पण भांडखोर कोंबड्यावरूनच. जाणकार यात दोन तट पाडतात. ज्यांची मोठी जात नाहीच त्या अस्सल बँटम, आणि मोठ्या जातीतून निवडीने खुजवलेल्या त्या नुसत्या लघुआवृत्त्या. अस्सलांमध्ये इंग्लंडचा सेब्राइट मला भारी वाटतो. प्रत्येक पिसाला काळी किनार, जणू सुबक काठाचं लुगडं. त्याच्या कोंबड्याची मान आणि पाठ मात्र मादीसारखीच गोल पिसांची, कारण त्याच्या कातडीत नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरक होत राहतं. इतर जातींत मानेवरची लांब टोकदार पिसं म्हणजे नर, असा साधा हिशेब चालतो. सेब्राइट तो मोडतो.

जपानी चाबोचे पाय इतके आखूड की तो चालतो की घसरतो ते कळत नाही. पण आखूड पायांच्या नर-मादीची अंडी उबवायला ठेवली तर सरासरी पाव गर्भ कवचातच मरतात. आखूडपणाचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला की जगू देत नाही. नवखा माणूस उगाच कोंबडीला बोल लावतो.

आपल्याकडे सगळ्यांना हवी असते ती सिल्की, मांजरीच्या केसांसारख्या पिसांची. हिला काही देशांत बँटम म्हणतात, काही देशांत नाही. त्या वादात आपण पडायला नको. काळं कातडं, काळी हाडं बघून लोक हिला कडकनाथची बहीण ठरवतात. काळेपणामागचा आनुवंशिक बदल दोघांत एकच आहे खरा, पण २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला झाबुआचा कडकनाथ चार बोटांचा, आणि सिल्कीला पाच. बोटं मोजा, वाद मिटेल. सिल्कीची पिसं पाणी झटकत नाहीत, म्हणून पावसाळ्यात तिला आडोसा लागतोच.

पण अमरावती-अकोल्याला पावसापेक्षा मे महिना जड. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा उपाय. सिल्की, कोचीन अशा पायांवरही पिसं असलेल्या जाती आधी गळपटतात. खुराड्याला ओलं गोणपाट लावा, पण वारा अडवू नका. कोंडलेली ओल उन्हापेक्षा वाईट. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या. भर दुपारी भरलेलं पोट आतून आणखी तापतं.

दाण्यावरून आठवलं. आपल्याकडे घरोघरी सरकीची ढेप असते, तेव्हा गाईची मूठभर कोंबडीलाही टाकली जाते. टाकू नका. सरकीतल्या गॉसिपॉलने ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, जास्त झालं तर पाखराच्या जिवालाही अपाय. ज्वारीची कणी, थोडी तुरीची चुरी, हिरवा पाला आणि अंड्यावरच्या मादीला चुना किंवा शिंपल्यांचा चुरा, एवढं बरं. दाणा बारीक हवा. या चोचीला अख्खा मका झेपत नाही.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस पहिल्या आठवड्यात. लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पाखरू बुटकं म्हणून अर्धा थेंब नव्हे. एका कुपीत शे-दोनशे पाखरांची लस असते आणि ती कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून बर्फात आणावी.

बुटक्यांचं अंडं तीस-चाळीस ग्रॅमचं, तेही रोज नाही. ऑम्लेटसाठी पाळायची असेल तर हा भाग सोडून द्या. हिची खरी ख्याती खुडूक बसण्यात आहे. माझ्याकडे नंतर आलेल्या खऱ्या बँटम मादीखाली मी पाच गावरान अंडी ठेवली; एकविसाव्या दिवशी चार फुटली. दीड महिन्याने पिल्लं आईएवढी झाली, तरी अंधार पडला की चौघं तिच्या पंखाखाली डोकी खुपसायची. बाकीचं अंग बाहेर, आणि ती बिचारी जमिनीपासून चार बोटं वर उचललेली.