तहान पानांत, दुखणे मुळांत

मी कला शाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु वरूड तालुक्यातल्या संत्र्याच्या बगिच्यात मी लहानाचा मोठा झालो आणि घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे शेतीची माहितीपत्रके वाचून बाबांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या वाचनातून आणि बगिच्यातल्या पाहण्यातून जे उमगले, ते येथे मांडतो.

झाड मलूल झाले, पाने पिवळी पडली, की आमच्याकडे निदाने दोनच : पाणी कमी पडले, नाही तर खत कमी पडले. मग मोटार जास्त वेळ चालते, युरियाचे पोते फुटते. झाड मात्र सुधारत नाही. तापाने फणफणलेल्या माणसापुढे पंचपक्वान्नांचे ताट ठेवावे, तसाच हा प्रकार.

असे का होते? झाड पाणी व अन्नद्रव्ये घेते ते प्रामुख्याने वरच्या थरातल्या बारीक तंतुमुळांवाटे. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव नेमका तेथेच घाव घालतो. आळ्यात पाणी साचले, की त्याचे बीजाणू चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. कुजलेले तंतुमूळ चिमटीत धरून ओढले, तर साल निसटते आणि आतला दोरा तेवढा हाती राहतो. हाच रोग बुंध्याला लागला, की साल फुटून डिंक वाहतो. त्यालाच आपण 'डिंक्या' म्हणतो.

तंतुमुळे गेली, की जमीन ओली असूनही झाड तहानलेलेच राहते. त्यात आमची जमीन काळी, भारी, निचरा सावकाश. जास्त पाणी दिले, की मुळांना हवा मिळत नाही आणि रोगाला मात्र रान मोकळे होते. न शोषलेले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते ते वेगळेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय!

पाने थोडी वाचता आली, तर निदान सोपे होते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पाने लहान व अरुंद असतील, तर बहुधा जस्ताची कमतरता. उलट शिराच आधी पिवळ्या पडल्या, तर बुंधा आणि मुळे तपासावीत. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस वेडेवाकडे, न जुळणारे पिवळे डाग असतील, तर 'ग्रीनिंग' रोगाची शंका घ्यावी.

ग्रीनिंगचे जीवाणू सिट्रस सायला या किडीमार्फत पसरतात. ते अन्नरस वाहणाऱ्या नलिका बंद पाडतात. पानांत पिष्ट साचते आणि खाली मुळे उपाशी मरतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली आढळला. तेथे २००३-०४ मध्ये संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघत. २०२३-२४ मध्ये त्या २ कोटींच्याही खाली आल्या. वादळांचाही त्यात वाटा होता, पण मुख्य घाव या रोगाचा. त्यावर रामबाण औषध अद्याप नाही. म्हणून तेथील बागायतदार पाणी आणि खत थोडेथोडे, पण वरचेवर देतात. कारण उरलेल्या मुळांना एका वेळी तेवढेच पेलते.

हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते. आजारी झाडाला एकदम भरपूर पाणी देऊ नये, आणि बहारासाठी निरोगी झाडाइतका कडक ताणही देऊ नये. दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही. बुंध्याला बोर्डो मलम लावावे. मुळे दुबळी असताना जस्तासारखी सूक्ष्मद्रव्ये पानांवर फवारावीत. नवी लागवड करताना जंभेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमांचा विचार करावा. तो फायटोफ्थोराला अधिक दाद देत नाही.

हा प्रश्न एकट्या झाडाचा नाही. जमिनीत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी उपसणाऱ्या तालुक्यांत वरूड-मोर्शीची नावे कित्येक वर्षे येत आली आहेत. बोअर खोल जातात, त्यांच्याबरोबर कर्जही खोल जाते. ज्या झाडाला पाणी पिताच येत नाही, त्याच्या बुडाशी ते ओतणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून झाड सुकलेले दिसले, की मोटारीची कळ दाबण्याआधी कुदळ घ्यावी आणि वीतभर माती उकरून मुळे पाहावीत.