सपाट फरशीवर अडलेला पाय

कंपवाताचा माणूस सपाट फरशीवर जागच्या जागी खिळतो आणि जिना मात्र न अडखळता चढतो. खोटं वाटावं असंच आहे हे. घरच्यांनाही वाटतं. ‘परवा गंगाखेडला घाटाच्या पायऱ्या उतरले, अन् आज मोरीपर्यंत जाववंना?’ परभणीकडच्या घरात हे तोंडावर विचारलं जातं, आणि दुखण्यापेक्षा तो प्रश्नच जास्त लागतो.

पुण्यात वाढलेल्या आणि डेल्फ्टला डिझाइन शिकलेल्या मिलेहा सोनेजींनी ही गंमत आपल्या काकांच्या बाबतीत टिपली. एकेकाळी घरच्या कार्यात सगळ्यांच्या मधोमध बसणारे काका कंपवात झाल्यावर लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा टाळू लागले होते. वॉकर धरून रखडत जिन्यापाशी आले, की पायऱ्या मात्र सहज चढायचे. मिलेहाताईंनी मग जमिनीवरच पायऱ्यांचा भास होईल असं चित्र चिकटवलं, आणि काका त्यावरून न अडखळता चालले. 2015 साली एका व्याख्यानात त्यांनी हे सांगितलं.

चालणं एरवी आपण करत नाही, ते होतं. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल गाडी घरी आणतात, तसं. मेंदूच्या आत खोलवर असलेली काही केंद्रं हे आपोआपचं काम बघतात. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हे बैल वाट विसरतात. डोळ्यांसमोर ठळक खूण आली, की गाडीवान जागा होऊन कासरा हातात घेतो; मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकतो. पायातलं बळ गेलेलं नसतंच. लंडनचे डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी 1967 साली दाखवलं, की जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या तर अडलेले रुग्ण चालतात. चालण्याच्या दिशेने ओढलेल्या उभ्या रेघांचा मात्र उपयोग होत नाही! म्हणजे पट्ट्यांची सतरंजी कशी अंथरली यावर चाल ठरावी.

पण चालण्यापुरतं हे दुखणं थांबत नाही. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो. सुनेला वाटतं, मामंजी रुसलेत. अक्षर ओळीगणिक लहान होत जातं. पेन्शन काढायला बँकेत गेलं की सही जुळत नाही, मागे रांग असते, खिडकीतला माणूस ‘नीट करा, काका’ म्हणतो आणि त्या नजरांनीच हात अधिक कापतो. मग बाहेर जाणंच नको वाटतं. ही उदासी केवळ दुःखापोटी येते असंही नाही. ती आजाराचाच भाग आहे, कधी कधी हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी आलेली. म्हणून गोळ्यांविषयी बोलताना डॉक्टरांच्या कानावर तीही घालावी. ‘वयच झालंय’ म्हणून ती सोडून देणं मला तरी पटत नाही.

पाय अडला की मागून ‘चला, चला’ करू नये. घाईने तो जास्तच चिकटतो. समोर आपलं पाऊल आडवं ठेवून ‘हे ओलांडा’ म्हटलं, तर पुष्कळदा सुटतो. काही जण मनात ‘एक-दोन, एक-दोन’ मोजतात, काहींना टाळाचा ठेका पुरतो. सगळ्यांना सगळंच लागू पडत नाही. अडण्याची हमखास जागा म्हणजे अरुंद दार. तिथे आडव्या रेघांसारखे दिसणारे शहाबादी फरशीचे सांधे एका पावलापेक्षा जास्त अंतरावर असतील, तर फरशीवर उठून दिसेल अशा रंगाची चिकटपट्टी आडवी लावावी, एकेका पावलाच्या अंतराने. पट्टी मात्र घट्ट बसलेली हवी. कड सुटली तर पाय तिथेच अडकायचा.