रेसचा पॅड आणि रोजची गाडी

शनिवारी संध्याकाळी मुलांना क्लासवरून घरी आणणारी गाडी आणि रविवारी सकाळी माळरानावर आखलेल्या वळणांच्या मार्गावरून सेकंद मोजत धावणारी गाडी, हौशी चालकांच्या घरात बहुतेक वेळा एकच असते. खान्देशात रेसिंगचा कायमचा ट्रॅक नाही. ज्याला हा नाद आहे तो जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिक गाठतो. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’मुळे ते शहर रॅलीवाल्यांच्या ओळखीचे झालेले आहे. जाऊन-येऊन पाचशेच्या आसपास किलोमीटर महामार्ग, आणि स्पर्धेतले प्रत्यक्ष धावणे काही मिनिटांचे. हे प्रमाण ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

असा चालक एक-दोन स्पर्धा केल्या की गॅरेजमध्ये हमखास विचारतो, ‘कंपनीचे ब्रेक पॅड काढून रेसिंगचे टाकू का?’ उत्तरही ठरलेले असते, ‘टाका की, एकदम कडक ब्रेक लागेल.’ सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत ‘जरा जास्त पॉवरची गोळी द्या’ म्हणणारे रुग्ण रोज भेटतात, त्यातलाच हा प्रकार. नुसतीच ‘पॉवरची’ गोळी अशी काही नसते. प्रत्येक औषध रक्तात एका ठरावीक पातळीवर काम करते. त्याखाली ते निरुपयोगी आणि त्यावर विषारी. ब्रेक पॅडचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथे पातळी तापमानाची असते.

ब्रेक गाडीचा वेग ‘खातो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, की सुमारे ३ लाख ८६ हजार ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता पुरते, आणि हे काम चार-पाच सेकंदांत चार चाकांपाशी होते. त्यातही पुढच्या दोन चाकांवर जास्त भार येतो. वेग निम्मा केला तर उष्णता निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. शहरात ताशी ४० च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक म्हणूनच फारसे तापत नाहीत, आणि तेच पॅड ट्रॅकवर दहा मिनिटांत धूर काढू लागतात.

पॅडच्या मसाल्याची गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. जगातले पहिले ब्रेक लायनर ते हेच, असे मानले जाते. १८९७ मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी फेरोडो कंपनी सुरू करून लायनरचा धंदा उभा केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात ॲसबेस्टॉस आले. त्याच्याकडे शेवटी वळूच. १९५३ मध्ये जग्वारच्या गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि पुढे तीच डिस्क घरगुती गाड्यांत आली. रेसमधले रस्त्यावर येते, ही समजूत म्हणजे अगदीच खोटी नाही. मात्र डिस्क घराघरांत आली म्हणून रेसचा मसालाही घरात चालेल, असे होत नाही.

घरगुती गाडीतला पॅड राळ, तंतू, रबर, धातूची पूड आणि ग्रॅफाइटसारखे पदार्थ एकत्र दाबून केलेला असतो. तो पहाटे थंड असतानाही पहिल्या दाबाला पकडतो. ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र त्यातली राळ जळू लागते. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादाचे तंतू जास्त. तो उष्णता अधिक सोसतो, पण आवाज करतो आणि डिस्क लवकर झिजवतो. अस्सल रेसिंगचा पॅड ५००-६०० अंशांवरही पकड सोडत नाही. तो थंड असताना मात्र तव्यासारखा वागतो. तवा तापल्याशिवाय कळण्याची भाकरी नीट होत नाही, तसा हा पॅड तापल्याशिवाय धरत नाही.

हा थंडपणा आकड्यांत किती पडतो ते पाहू. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद म्हणजे आणखी १७ मीटर, पण तो दोन्ही गाड्यांना सारखाच. थंड रेसिंग पॅडची पकड त्याच दाबाला एक तृतीयांशाने कमी भरली, तर २० चे ३० मीटर होतात. दहा मीटर फारसे वाटत नाहीत. पण जिथे पहिली गाडी उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ३५ च्या वेगाने जात असते. त्या वेगाने धडक बसली तर पादचाऱ्याचे नडगीचे किंवा ओटीपोटाचे हाड मोडू शकते आणि डोके काचेवर आपटते. चालकाला सवय असेल तर तो पेडल अधिक जोरात दाबेल. ती गाडी सोमवारी वडिलांच्या किंवा बायकोच्या हातात असते, आणि त्यांना पॅड बदलल्याचे कुणी सांगितलेलेही नसते.

आता दुसरी बाजू. एकदा जोरात ब्रेक मारून गाडी किती अंतरात थांबते, हे बहुधा पॅड ठरवतच नाही. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर पायाला ते थरथरणे जाणवले, की समजावे, ब्रेकची ताकद पुरेशी आहे आणि आता टायरची पकड संपली आहे. यापुढे कितीही महागडा पॅड टाकला तरी अंतर घटणार नाही, चांगल्या टायरने घटेल. भारी पॅडचा उपयोग विसाव्या वेळी पेडल दाबताना होतो.

विसाव्या वेळी ब्रेक ‘फेल’ होतो तो दोन तऱ्हांनी, आणि लक्षणांवरून निदान करता येते. पेडल नेहमीसारखे कडक लागते, पायाखाली टणक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो: दोष पॅडचा. राळ जळून निघालेला वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि घर्षण घटते. पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली फरशीपर्यंत जाते: दोष ब्रेक ऑइलचा. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि मुरलेले पाणी त्याचा उकळबिंदू खाली आणते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. गाडी घेतल्यापासून ऑइल न बदललेले चालक शोधायला लांब जावे लागत नाही. अशा गाडीत नुसता भारी पॅड टाकणे उलटेच पडू शकते, कारण धातूचा अंश जास्त असलेला पॅड डिस्कची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलकडे अधिक लवकर पोचवतो. आधी ऑइल, मग पॅड, हा क्रम पाळावा आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे. नाव ५.१ सारखे वाटते म्हणून दुकानदाराने दिले, तरी ते यात मिसळायचे नाही.

धुळे-जळगावकरांना हे कळण्यासाठी ट्रॅकवर जायची गरज नाही, घाट पुरेसे आहेत. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशाकडून येणारा अवजड कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जण मृत्युमुखी पडले, वीसहून अधिक जखमी झाले. जखमींना शिरपूर आणि धुळ्याला हलवावे लागले. ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. उतारावर ब्रेकवर काय बेतते याचा हिशेब सोपा आहे. एक टनाची गाडी १०० मीटर उंची उतरताना वेग स्थिर ठेवायचा, तर ९ लाख ८० हजार ज्यूल उष्णता होते. म्हणजे ताशी १०० वरून अडीच वेळा पूर्ण थांबण्याइतकी. चाळीस टनांच्या ट्रकला ती चाळीस पट. ही उष्णता इंजिनकडे वळवायची असते, म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरायचे. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत बिजासन, लळिंग किंवा कन्नडचा घाट उतरणारा सगळा भार पॅडवर टाकत असतो.

इथे एका गैरसमजाचे निरसन. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा, म्हणून आपल्याकडे ब्रेक लवकर जातात, असे सर्रास म्हटले जाते. ३०० अंशांच्या डिस्कला बाहेर २५ अंश असले काय किंवा ४५ असले काय, थंड होण्याचा वेग फार तर सात टक्क्यांनी बदलतो. उन्हाने टायर आणि चालक यांचे हाल होतात, ब्रेकचे तितके नाही.

मग हौशी चालकाने करावे काय? ते कोणत्या खेळात उतरतो यावर आहे. ऑटोक्रॉसची फेरी एक-दोन मिनिटांची, वेगही बेताचा. तेवढ्यात रेसिंग पॅड तापतच नाही, उलट कंपनीचा चांगल्या जाडीचा पॅड, नवे ऑइल आणि चांगले टायर तिथे सरस ठरतात. रॅलीची लांब स्टेज किंवा कोइम्बतूर, चेन्नईसारख्या ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटे धावायचे असेल, तर रस्त्यावर चालतील असे मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत. त्यांच्या माहितीपत्रकात काम करण्याच्या तापमानाची व्याप्ती दिलेली असते. ती ‘थंड’पासून सुरू होते का, एवढेच पाहावे. ज्यांना अस्सल रेसिंग पॅडच हवेत त्यांनी ते डिकीत न्यावेत, मैदानावर बदलावेत आणि परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी काढावेत. कटकट आहे खरी. दोन प्रकारच्या पॅडचे थर एकाच डिस्कवर बसले की गाडी थरथरते, तेव्हा डिस्क घासून साफ करावी लागते.

पुढचे पॅड तगडे आणि मागचे जुनेच, किंवा त्याउलट, अशी मोडतोड जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये. मागची चाके आधी घसरली की गाडी गर्रकन फिरते. नवा पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मग पाच-दहा मिनिटे ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्यावी. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभे राहू नये, हँडब्रेकही ओढू नये.

दोन कागदी गोष्टीही आहेत. गाडीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, तेव्हा स्पर्धेत गाडी ठोकली तर खर्च खिशातून. आणि सरावासाठी रात्रीचा बायपास वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

राहिली धूळ. पॅड झिजतो म्हणजे त्याची पूड होते. लोह, तांबे, अँटिमनी यांचे इतके बारीक कण, की काही थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत आता धुराड्याबरोबर ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा आहे, पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. भारतात ॲसबेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. स्वस्तातल्या बिननावाच्या लायनरमध्ये ते आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. खोक्यावर ‘ॲसबेस्टॉसमुक्त’ लिहिलेले असेल तेच घ्यावे. ब्रेकच्या उष्णतेत ॲसबेस्टॉसचा बराच भाग बदलून जातो, आणि कारखान्यातल्या कामगारांइतका धोका मेकॅनिकांच्या पाहण्यांत आढळलेला नाही. तरीही हा आजार तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, तोवर माणूस ते गॅरेज विसरलेलाही असतो.

गॅरेजमधली रीत अशी, की चाक काढले, कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि ड्रममधली काळी पूड फुर्रकन उडवून दिली. समोर हेल्पर पोरगा उकिडवा बसलेला असतो. त्याऐवजी पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि हे काम रविवारी घरच्या अंगणात स्वतः करणाऱ्याने ते कपडे बाकीच्या धुण्यात घालू नयेत. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यांत ॲसबेस्टॉसच्या कारखान्यात पाऊलही न ठेवलेल्या बायका निघाल्या. त्या घरी नवऱ्याचे कामाचे कपडे धूत असत.