वजन उतरले, पण कातडी लोंबते!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्षानुवर्षे आमच्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका तपासायच्या टेबलावर बसल्या आणि एकदम रडू लागल्या. दीड वर्षात या बाईंनी १०४ किलोंवरून ६८ किलोंपर्यंत वजन उतरवले होते. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली होती, गुडघेदुखी थांबली होती. इतर रुग्णांना मी त्यांचे उदाहरण देत असे. पण पोटाची कातडी झोळीसारखी लोंबत होती. दंडाची कातडी हलते म्हणून फळ्यावर लिहायला हात वर करणेही त्यांना नकोसे झाले होते. त्यात शेजारीपाजारी विचारणार, "काय हो बाई, काही मोठे दुखणे तर नाही ना?"

"डॉक्टर, लठ्ठ होते तेच बरे होते," बाई म्हणाल्या.

खोदून विचारले तेव्हा कळले, की कातडी आत जावी म्हणून महिनाभर त्यांनी रात्रीचे जेवण सोडले होते. यात थोडी चूक माझीही होती. वर्षापूर्वी त्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा बाहेर गर्दी होती. "जाईल हळूहळू, तेल चोळत जा," असे सांगून मी मोकळा झालो होतो.

तेलाने ती जात नाही. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. कोलॅजनमुळे त्वचेला बळकटी येते, तर इलॅस्टिनमुळे ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर येते. चरबीने ती दहा-वीस वर्षे ताणून धरली, की हे तंतू जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखे निकामी होतात. पंचविशीतल्या मुलाचे आठ-दहा किलो उतरले तर कातडी बहुधा आवळून येते. पन्नाशीत तीस-चाळीस किलो उतरले तर पुरती येत नाही. विडी-सिगारेट, सततचे ऊन, बाळंतपणे आणि अंगचा पिंड यांचाही त्यात वाटा असतो. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दोन वर्षे थोडाफार फरक पडतो. त्यानंतर उरली ती उरली.

आणि ही कातडी म्हणजे चरबी नव्हे. म्हणून उपाशी राहून ती कमी होत नाही. उलट स्नायू झिजतात आणि वरची कातडी आणखी सैल दिसते. वरण, उसळ, दही, अंडी, चालत असल्यास मासे हे रोजच्या जेवणात हवेतच (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे). जोडीला खुर्चीवरून उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असा ताकदीचा व्यायाम केला, तर दंड-मांड्या थोड्या भरून येतात. जाहिरातीतल्या महागड्या क्रीमवर आणि घाम काढणाऱ्या पट्ट्यांवर मात्र पैसे घालवू नयेत.

माझ्या दृष्टीने दिसण्यापेक्षा मोठा त्रास घड्यांचा. ओटीपोटाखाली, जांघेत, स्तनांखाली घाम साचतो, कातडीला कातडी घासते आणि तिथे बुरशी वाढते. मधुमेह असेल तर जास्तच. बाईंचीही घडी लालभडक झाली होती. औषधाच्या दुकानातून त्यांनी कुठलीशी ट्यूब आणली होती, तिच्यात स्टेरॉइड होते. अशा ट्यूबने दोन दिवस खाज थांबते, पण आत नायटा पसरत राहतो आणि कातडी पातळ होते. आंघोळीनंतर घडी न चोळता टिपून कोरडी करावी. मध्ये मऊ सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ओली होताच बदलावी. बुरशीचे मलम डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावावे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. घडीतून पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे.

फार लोंबणाऱ्या कातडीवर खात्रीचा इलाज एकच, शस्त्रक्रिया. ती नवीन नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. हॉवर्ड केली यांनी पोटाची अशी शस्त्रक्रिया १८९९ मध्ये नोंदवली आहे. मात्र त्याआधी वजन निदान सहा महिने स्थिर हवे, साखर आटोक्यात हवी, रक्त भरलेले हवे आणि तंबाखू-सिगारेट बंद हवी, नाहीतर जखम भरत नाही. पुढे मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी पोटाची शस्त्रक्रिया तूर्त लांबवावी. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण राहतो, तो जात नाही. जखमेत पाणी साचणे, पू होणे, क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, हे धोकेही आहेत. निव्वळ दिसण्यासाठी केल्यास विमा सहसा पैसे देत नाही. खाजगीत खर्च मोठा येतो. पण मुंबईत के. ई. एम., शीव, नायर या रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथे आधी दाखवावे.

वजन उतरवण्याची टिर्झेपेटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या देशात आली. तेव्हा ही तक्रार आता वाढणारच. मात्र काहीही न करता ज्यांचे वजन उतरते आहे, त्यांनी कातडीची चिंता बाजूला ठेवून आधी साखर, थायरॉइड आणि क्षयाची तपासणी करून घ्यावी. शेजाऱ्यांचा प्रश्न तिथे रास्त असतो.

बाईंचे वजन आता सत्तरच्या आसपास स्थिर आहे. घडीतली लाली गेली. शस्त्रक्रियेचे त्यांचे अजून ठरत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईला दाखवून येईन म्हणतात. रात्रीची भाकरी मात्र पुन्हा सुरू झाली आहे.