घरी शिकणाऱ्या मुलाचे लेखन : घोकंपट्टी की नियम?



आजचा विषय दिसायला लहान आहे. सहा-सात वर्षांचे मूल आईवडिलांपाशी घरी लिहायला शिकत असेल, तर त्याला शुद्धलेखन कोणत्या पद्धतीने शिकवावे? शब्द घोकून घ्यावेत, की नियम सांगावेत? आणि नियम सांगायचे तर कोणते, किती आणि कोणत्या क्रमाने? बाजारात पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतले एक हातात घेऊन ते आपल्या मुलाच्या उपयोगी पडेल की नाही, हे सामान्य पालकाने कसे ठरवावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

घरी शिकणारे मूल म्हटले की एखादे हौशी, सुशिक्षित घर डोळ्यांसमोर येते. तशी घरे आहेतच. पण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारी बीडकडची मुले काही महिने शाळेला मुकतात. त्या दिवसांत कोपीपुढे बसून पाटीवर जे गिरवले जाते, तेही घरचेच शिक्षण होय. उत्तर अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतील मुले आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जातात, बाकीचे मराठी त्यांना घरीच शिकावे लागते. या साऱ्यांची अडचण एकच आहे. रोजच्या रोज चूक दाखवणारे गुरुजी जवळ नसतात. म्हणून त्यांना असा काही आधार हवा, की ज्याच्या बळावर आईला, आणि पुढे मुलाला स्वतःला, बरोबर काय नि चूक काय हे ठरवता यावे. हा आधार म्हणजे नियम.

मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे, व्याकरणाचा पंडित नव्हे. परंतु नियम या वस्तूशी आमचा रोजचा संबंध येतो. ज्या कारखान्यात नियम लिहिलेले नसतात, तिथे कामगाराचे सारे भवितव्य मुकादमाच्या लहरीवर अवलंबून असते. नियम फळ्यावर लागला, की तोच कामगार बोट दाखवून विचारू शकतो, 'हे असे का?' मुलाचेही तसेच आहे. 'हा शब्द असाच लिही, मी सांगतो म्हणून' असे म्हटले की मूल सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागते. 'हा असा लिही, कारण नियम असा आहे' म्हटले की ते शब्दाकडे पाहू लागते. उद्या आपण चुकलो, तर ते आपल्यालाही तो नियम दाखवील. दाखवू द्यावा.

आता मुलाची चूक नेमकी कुठे होते ते पाहू. मराठी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. क, ट, म ही अक्षरे एकदा ओळखीची झाली की 'कप' किंवा 'मका' लिहिताना कुणी अडत नाही. अडण्याच्या जागा थोड्याच आहेत : ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, र ची निरनिराळी रूपे, आणि श-ष, न-ण यांसारख्या जोड्या. त्यांतही सर्वांत मोठी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची, कारण तिथे कान साहाय्य करीत नाही. नेहमीच्या मराठी बोलण्यात इ आणि ई यांचे लहानमोठेपण शब्दातल्या त्यांच्या जागेवरून ठरते. आपण ते नकळत करतो आणि नकळतच ऐकतो. म्हणून 'नीट ऐक, म्हणजे कळेल' असे मुलाला सांगणे अन्यायाचे आहे. पण ज्या अर्थी ते जागेवरून ठरते, त्या अर्थी जागेचा नियम सांगता येतो, ही मोठी सोय आहे.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम ठरवले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली. हे १८ नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले आहेत. परंतु ते लिहित्या-छापत्या मोठ्या माणसांसाठी केलेले आहेत. मुलाला त्या क्रमाने ते शिकवू लागलो, तर आठवड्याभरात मूल वही लपवून ठेवील. लहान मुलाला ऱ्हस्व-दीर्घासाठी चारच गोष्टी पुरतात.

पहिली : शब्दाच्या अगदी शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ. आई, पाटी, गाडी, चाकू, लाडू. 'आणि' व 'नि' हे दोन अपवाद ताबडतोब सांगून टाकावेत.

दुसरी : शेवटचे अक्षर मोकळे असेल, म्हणजे त्याला काना, मात्रा, वेलांटी काही नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. वीट, फूल, ऊस, जमीन, बहीण. मात्र त्या अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल, तर ऱ्हस्व. चिंच, भिंत, उंट, शिस्त.

तिसरी : शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार असेल, तर त्याच्या आधीचे ऱ्हस्व. विळा, दिवा, सुरी, पिसू.

चौथी : प्रत्यय लागताना ते मोकळे अक्षर मोकळे राहिले नाही, की आधीचे दीर्घ ऱ्हस्व होते. वीट, पण विटांचा. ऊस, पण उसाचा.

या चारही गोष्टी एकाच शब्दाच्या कुटुंबात पाहायच्या असतील, तर 'मजूर' हा शब्द घ्यावा. मजूर, मजुरी, मजुराला. पहिल्यात र मोकळा, म्हणून जू दीर्घ. दुसऱ्यात र ला वेलांटी आली, म्हणून जु ऱ्हस्व आणि शेवटची री दीर्घ. तिसऱ्यात प्रत्यय लागला, म्हणून पुन्हा जु ऱ्हस्व. हे ज्या मुलाला उमगले, त्याला 'वकील', 'गरीब', 'पाटील' वेगळे शिकवावे लागत नाहीत. घोकंपट्टीत शंभर शब्दांना शंभर वेळा श्रम पडतात. नियमात एकदाच पडतात.

'पण अपवादांचे काय?' असे आपण विचाराल. गुण, विष, शरीर, परीक्षा, पूजा हे शब्द या चौकटीत पुरते बसत नाहीत, कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला संस्कृत शब्द ओळखता येणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही धरू नये. त्याला सांगावे, की हे पाहुणे शब्द आहेत. पाहुणा आपल्या घरी राहिला, तरी जेवण्याखाण्याची सवय त्याच्याच घरची ठेवतो. शरीर-शरीराला, गुण-गुणाला, हे शब्द प्रत्यय लागला तरी बदलत नाहीत. अशा शब्दांची एक वेगळी वही करावी आणि आठवड्याला पाच-सहा शब्द तिच्यात भरावेत. शेवटच्या अक्षरापुरते मात्र पाहुणेही बहुतेक आपला रिवाज पाळतात, म्हणूनच आपण 'कवी' आणि 'बुद्धी' दीर्घ लिहितो.

यावरून चुकीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. १ मेच्या एखाद्या फलकावर 'कामगार दिन' ऐवजी 'कामगार दीन' असे रंगवलेले दिसते. लोक हसतात, आणि खालची मागणी वाचायची राहून जाते. पण रंगाऱ्याने केले काय? न मोकळा, म्हणून आधीची वेलांटी दीर्घ, हा घरचा नियम त्याने पाहुण्याला लावला. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे दोघेही पाहुणे आहेत. ही चूक अडाणीपणाची नसून अर्धवट सांगितलेल्या नियमाची आहे.

अनुस्वाराविषयी मुलाला दोनच गोष्टी सांगाव्यात. नाकातला उच्चार स्पष्ट ऐकू आला तर टिंब द्यावे, आणि अनेकांविषयी बोलताना प्रत्ययापूर्वी टिंब द्यावे. 'कामगाराची मागणी' आणि 'कामगारांची मागणी' यांत फरक एका टिंबाचा आहे, पण पहिलीत एक माणूस उभा आहे आणि दुसरीत सारा कारखाना. आजोबांच्या जुन्या पत्रांत 'नांव', 'कांहीं' अशी टिंबे मुलाला दिसतील. ती आजोबांची चूक नव्हे. १९६२च्या नियमांनी ती काढली. नियम माणसे करतात आणि माणसेच बदलतात, हेही मुलाला यातून कळते.

र चे म्हणाल तर 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'दर्या' म्हणताना द वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. इथे मात्र कान उपयोगी पडतो. म्हणून हा भाग मोठ्याने म्हणवून घेऊनच शिकवावा.

नियमांनी लेखन शिकवण्याचा प्रयोग इंग्रजीतही झाला आहे. तिथे 'क' हा एकच ध्वनी सी, के, सीके, क्यू अशा कितीतरी अक्षरांनी लिहितात. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाच्या विचारांवरून अॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३०च्या दशकात एक पद्धत बसवली. पुढे १९५७ साली रोमाल्डा स्पाल्डिंग यांनी ७० ध्वनिचिन्हे आणि काही नियम यांवर पुस्तक काढले. तिथले घरी शिकवणारे पालक आजही या घराण्यातल्या पद्धती वापरतात. १९६६ साली स्टॅनफर्डमध्ये संगणकाला असे नियम देऊन १७,००० शब्द लिहायला लावले, तेव्हा सुमारे निम्मे शब्द बिनचूक आले. इतक्या आडमुठ्या लेखनातही नियमांचा आधार घ्यावासा वाटतो, तर मराठीने तो का सोडावा? मात्र इंग्रजीची पुस्तके मराठीला लावू नयेत. त्यांच्या अडचणी वेगळ्या, आपल्या वेगळ्या.

तेव्हा पुस्तक निवडताना पाच प्रश्न विचारावेत. ते ध्वनीपासून सुरू होते काय? एका वेळी एकच नियम देते काय? घरचे शब्द आणि पाहुणे शब्द वेगळे ठेवते काय? मागचा नियम पुढच्या पाठात पुन्हा येतो काय? आणि श्रुतलेखनासाठी शब्दांपाठोपाठ वाक्ये देते काय? पाचांपैकी चारांचे उत्तर 'होय' आले, तर पुस्तक घ्यावे. नुसत्या शुद्ध-अशुद्ध शब्दांच्या याद्या असतील, तर ते ठेवून द्यावे. अशुद्ध रूप पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर ठेवून मुलाच्या मनात तेच ठसते. रोज पंधरा मिनिटे पुरतात. आणि वही तपासताना चालू नियमाचीच चूक दाखवावी, बाकीच्या आपल्याजवळ टिपून ठेवाव्यात. सगळी वही लाल केली, तर मूल लिहिणेच कमी करील.

एक आक्षेप राहिला. नियमांमुळे खेड्यातल्या मुलाची बोली मारली जाते, असे काही लोक म्हणतात. नियमाने ती मरत नाही, हसण्याने मरते. मूल घरात 'पानी' म्हणत असेल तर म्हणू द्यावे, ते त्याच्या आईचे मराठी आहे. कागदावर 'पाणी' लिहायचे, कारण तो कागद नागपुरात, पणजीत आणि बेळगावात सारखाच वाचला जायचा आहे. लेखन हा सर्वांनी मिळून केलेला करार आहे. करारातली कलमे ज्याला ठाऊक असतात, त्याला कुणी सहजासहजी फसवू शकत नाही. आपल्या मुलांना ती कलमे लवकर, थोडी थोडी आणि कारणांसह सांगावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.