एका अश्वशक्तीचा खटला

अर्धापुरात केळीचा पैसा हाती आला की दारात नवी दुचाकी येते, आणि थोड्याच दिवसांत तिचा पिकअप कसा वाढवायचा यावर खल सुरू होतो. मेकॅनिकचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हेड उतरवू. उत्तर चुकीचं नाही. इंजिन श्वास घेतं हेडमधून, पेट्रोल जळतं हेडखाली, आणि अश्वशक्तीचा बराचसा हिशेब तिथेच लागतो. या एका भागाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे, त्यामुळे त्यावरून कंपन्या कोर्टात भांडल्या हे कळल्यावर निकालपत्रं वाचल्याशिवाय राहवलं नाही.

आधी आपल्याकडचा रूढ उपाय पाहू. हेडचा तळ लेथवर कापून घ्यायचा, म्हणजे ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. पहिल्या पल्सर १५० चं इंजिन १४३.९ सीसीचं, बोअर ५७ मिलिमीटर. कॉम्प्रेशन साडेनऊ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे १७ सीसी. अर्धा मिलिमीटर कापला की त्यातली सव्वा सीसी जाते आणि कॉम्प्रेशन १०.२ च्या आसपास पोचतं. पुस्तकी सूत्राने कार्यक्षमता वाढते दोन टक्क्यांच्या आतबाहेर. बारा अश्वशक्तीवर दोन टक्के म्हणजे पाव अश्वशक्तीही नाही! आणि तेवढ्यासाठी कॅम खाली सरकतो, व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं, उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोके देऊ लागतं. पोर्ट घासून मोठे करणं, सीट नीट कापून व्हॉल्व्ह बसवणं हे जास्त शहाणपणाचं काम. पण त्याला कसबी हात लागतो.

बजाजने २००३ मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं तेव्हा वेगळी वाट धरली. एका हेडला दोन स्पार्क प्लग. कंपनीचा दावा होता की १५० आणि १८० या दोन्ही गाड्यांची ताकद प्रत्येकी एका अश्वशक्तीने वाढली, वर मायलेजही सुधारलं. गावोगावच्या गॅरेजांत तेव्हा एकच प्रश्न होता, दुसरा प्लग कशाला?

कारण वेळ. आठ हजार आरपीएमला क्रँकची एक फेरी साडेसात मिलिसेकंदांत होते, आणि जळण्याचं काम त्यातल्या छोट्याशा तुकड्यात उरकायचं असतं. प्लग एका कडेला असला की ज्योतीला सबंध बोअर ओलांडून पलीकडे जावं लागतं. म्हणून ठिणगी बरीच आधी टाकावी लागते, आणि वर येणाऱ्या पिस्टनला वाढत्या दाबाविरुद्ध झगडावं लागतं. समोरासमोर दोन ठिणग्या पडल्या की अंतर निम्मं होतं, ठिणगी उशिरा टाकता येते, पातळ मिश्रणही नीट जळतं.

कल्पना नवी नव्हतीच. विमानांच्या इंजिनांत दोन प्लग पूर्वीपासून होते, अल्फा रोमिओच्या जीटीए मोटारीत १९६५ मध्ये होते. खरी अडचण जागेची. ५७ मिलिमीटर म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान वर्तुळ. त्यात दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट, एक प्लग, आणि एका बाजूला टायमिंग चेनचा बोगदा. दुसरा प्लग बसवायचा तर नेमका त्या तेलकट बोगद्यातून. बजाजने तिथे स्लीव्ह बसवली, प्लग तिच्या आत ठेवला, तेल बाहेर राहिलं. तो प्लग काढायला लांब पाना का लागतो, याचं उत्तर या स्लीव्हमध्ये आहे.

त्यावर पेटंट क्रमांक १९५९०४. अर्ज १६ जुलै २००२ चा, मंजुरी जुलै २००५ ची. त्यात बोअरची मर्यादा घातली आहे, ४५ ते ७० मिलिमीटर. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. दोन प्लगची मालकी कोणी मागितलेली नाही. लहान इंजिनात ते बसवण्याची मागितली आहे.

२००७ च्या अखेरीस टीव्हीएसने १२५ सीसीची फ्लेम आणली. तिला दोन प्लग आणि तीन व्हॉल्व्ह. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. टीव्हीएसने होंडाचं जुनं अमेरिकी पेटंट पुढे केलं आणि बजाजच्या शोधात नवं काय, असा सवाल केला. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने मनाई हुकूम दिला. तिसरा व्हॉल्व्ह ही वरची भर, गाभा तोच, असं त्यांचं मत पडलं. टीव्हीएसला फ्लेम एका प्लगवर विकावी लागली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. त्यांच्या लेखी तीन व्हॉल्व्हचं इंजिन वेगळं होतं.

हेड उघडून पाहिलेल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. दोन इनटेक व्हॉल्व्ह आले की हवा आत शिरण्याची रीत बदलते, हे खरं. पण दुसरी ठिणगी करते ते काम दोन्ही हेडांत सारखंच. माझा कौल एकल न्यायाधीशांकडे झुकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ ला टीव्हीएसला विक्रीची मोकळीक दिली, हिशेब ठेवायला रिसीव्हर नेमायला सांगितला, आणि पेटंटचे दावे रोज सुनावणी घेऊन साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत असं बजावलं. हा वाद मिटला २०१९ मध्ये, तोही आपसात तडजोड होऊन. शोध खरा की खोटा याचा अंतिम निकाल लागलाच नाही. हेडमधल्या त्या स्लीव्हवर हा अन्यायच झाला, असं मी म्हणेन.

पेटंटची वीस वर्षांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. त्यातली रचना आता कोणालाही वापरता येते. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल शाखेतल्या शिक्षकांनी हा दस्तऐवज वर्गात वाचावा, सोबत पल्सरचं एखादं भंगारातलं हेड उभं कापून टेबलावर ठेवावं, आणि मुलांना त्यातला बोगदा नि स्लीव्ह हाताने दाखवावी.